पीएफओ, पक्षाघात आणि ‘छत्री’: हृदयातील छिद्र कॅथेटरने बंद करण्याआधी आणि नंतर

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या, साठी न ओलांडलेल्या माणसाच्या तपासण्यांमध्ये कधीकधी ‘पीएफओ’ (पेटंट फोरामेन ओव्हेल, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मानंतरही उघडी राहिलेली वाट) असा शेरा येतो आणि ‘हार्टला भोक आहे’ ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोहोचते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, ताबडतोब छत्री (छिद्र बंद करणारे छोटे उपकरण) बसवून घ्या. कोणी म्हणते, ते जन्मापासूनच आहे, त्याला हातही लावू नका. हे दोन्ही सल्ले काही रुग्णांच्या बाबतीत बरोबर आणि काहींच्या बाबतीत चुकीचे असतात. आपला रुग्ण कोणत्या गटात बसतो हे कसे ओळखायचे, कोणत्या क्रमाने पुढे जायचे, डॉक्टरांना काय विचारायचे आणि प्रक्रिया झाल्यावर कशाची काळजी घ्यायची, एवढ्यापुरता हा लेख आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण फाइल हातात घेऊन दवाखान्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे.

सर्वात आधी: झटका येत असेल तर

छिद्राचा विचार झटका ओसरल्यानंतरचा आहे. चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात किंवा पाय अचानक निर्जीव होणे, बोलणे अडखळणे किंवा समोरच्याचे बोलणे न कळणे, अचानक तोल जाणे किंवा एका डोळ्यापुढे अंधार येणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो अशाच रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; त्यामुळे रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवावी. सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. लक्षणे पंधरा-वीस मिनिटांत आपोआप गेली तरीही जावेच, कारण तो ‘टीआयए’, म्हणजे पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो.

हे छिद्र येते कुठून

गर्भाची फुप्फुसे काम करत नसतात. त्याला प्राणवायू वारेतून मिळतो आणि ते रक्त हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात येते. तिथून ते थेट वरच्या डाव्या कप्प्यात जावे यासाठी मधल्या पडद्यात एक तिरकी वाट असते. हा पडदा दोन पाख्यांचा असतो आणि ती पाखी एकमेकांवर सरकलेली असतात. बाळाने पहिला श्वास घेतला की डाव्या कप्प्यातला दाब वाढतो, पाखी एकमेकांवर दाबली जातात आणि पुढील काही महिन्यांत बहुतेकांमध्ये ती कायमची चिकटतात. सुमारे एक चतुर्थांश माणसांमध्ये ती पूर्ण चिकटत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 1984 साली शवविच्छेदनातील 965 हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमाण 27 टक्क्यांच्या आसपास आढळले होते आणि वाटेचा सरासरी व्यास जेमतेम पाच मिलिमीटर होता. म्हणजे भरलेल्या एसटीत दहा-बारा प्रवाशांना पीएफओ असणार, आणि त्यांपैकी जवळजवळ कोणालाच त्याचा आयुष्यभर पत्ता लागणार नाही.

एरवी ही वाट मिटलेली राहते. खोकताना, शौचाला कुंथताना किंवा जड वजन उचलताना मात्र उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो आणि ती उघडते. नेमक्या त्याच क्षणी पायातील किंवा ओटीपोटातील शिरेत तयार झालेली एखादी छोटी गुठळी उजव्या कप्प्यात पोहोचली असेल, तर एरवी फुप्फुसात अडकून राहणारी ती गुठळी डावीकडे शिरते आणि मेंदूच्या रोहिणीत जाऊन बसते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी 1877 सालीच या मार्गाचे वर्णन केले होते. 1988 साली फ्रान्समधील एका अभ्यासात 55 वर्षांखालील पक्षाघाताच्या रुग्णांपैकी 40 टक्क्यांमध्ये पीएफओ आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर माणसांत तो 10 टक्क्यांमध्ये होता. तेव्हापासून या छिद्राकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

‘एएसडी’ (एट्रियल सेप्टल डिफेक्ट) हे वेगळे प्रकरण आहे. त्यात पडद्याचा तुकडाच कमी असतो, वाट सतत उघडी असते आणि रक्त बहुतेक वेळ डावीकडून उजवीकडे वाहते. रिपोर्टमध्ये यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे हे पहिल्याच भेटीत नीट विचारून घ्यावे, कारण निर्णयाची कारणे दोन्हींत निराळी आहेत. एएसडीबद्दल पुढे थोडक्यात लिहिले आहे.

पहिली पायरी: पक्षाघाताचा प्रकार निश्चित करून घेणे

मेंदूचा एमआरआय झालेला असावा. नुसत्या सीटी स्कॅनवर पीएफओ बंद करण्याचा निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. न्यूरॉलॉजिस्टला त्या चित्रात दोन गोष्टी पाहायच्या असतात. हा झटका रक्तपुरवठा तुटल्यामुळे आला आहे ना, आणि तसे असेल तर इजा मेंदूच्या पृष्ठभागाजवळ आहे की आत खोलवर. खोलवरची, दीड सेंटिमीटरपेक्षा लहान इजा बहुधा उच्च रक्तदाब किंवा मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होते. तिचा दोष छिद्रावर टाकून छत्री बसवली, तर छत्री उत्तम बसेल आणि पुढचा झटका तरीही येईल. पृष्ठभागाजवळची इजा कुठून तरी वाहत आलेल्या गुठळीकडे बोट दाखवते. ती गुठळी आली कुठून, हा पुढचा शोध.

दुसरी पायरी: इतर सर्व कारणे शोधून बाजूला करणे

या पायरीवर घाई होते, आणि पुढचे बरेचसे चुकीचे निर्णय इथेच जन्म घेतात. छिद्र सापडले की तपास थांबतो. पण चारांतील एकाला असणारी गोष्ट योगायोगानेही सापडू शकते. म्हणून छिद्र सापडल्यावर तपास अधिक कसून व्हायला हवा.

मानेतील आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी झालेली असावी. तिच्यात कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या, रोहिणीतील अडथळे दिसतात आणि मानेला झटका बसून किंवा मालिश करताना रोहिणीच्या आतल्या थराला गेलेली चीरही कळते. तरुणांमध्ये ही चीर दुर्मीळ नाही. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या झडपा, आकुंचनाची ताकद आणि आतील गुठळ्या पाहिल्या जातात. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली मायट्रल झडप अजूनही भेटते आणि ती गुठळ्यांचे मोठे उगमस्थान असते, म्हणून ‘झडप कशी आहे?’ हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

हृदयाची अनियमित लय, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ही सर्वात जास्त निसटणारी गोष्ट आहे. ती येते आणि जाते. दहा सेकंदांच्या ईसीजीत ती सापडली नाही म्हणून ती नाही असे होत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्टल-एएफ’ चाचणीत, पक्षाघाताचे कारण न सापडलेल्या रुग्णांच्या त्वचेखाली लय नोंदवणारे छोटे यंत्र ठेवल्यावर वर्षभरात 12.4 टक्क्यांमध्ये ही लय पकडली गेली, तर नेहमीच्या तपासण्यांत ती फक्त 2 टक्क्यांमध्ये सापडली. चाळिशीच्या पुढील रुग्णाने चोवीस तासांच्या होल्टरवर (अंगावर लावून लय नोंदवणाऱ्या यंत्रावर) समाधान मानू नये; अधिक काळ नोंद ठेवण्याची गरज आहे का, हे विचारावे. लय सापडली तर उपचार रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा होतो आणि पीएफओ बंद करण्याचा मुद्दा मागे पडतो.

रक्ततपासण्यांत साखर, चरबी आणि तरुण रुग्णात अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी) प्रतिपिंडे पाहिली जातात. या प्रतिपिंडांची तपासणी सकारात्मक आली तर किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, कारण ताप किंवा संसर्गातही ती तात्पुरती वाढतात. होमोसिस्टिन या रक्तातील घटकाचीही विचारणा करावी. ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने ते वाढते, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. पायांच्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मात्र झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांतच उपयोगाचा असतो. महिनाभराने केलेल्या डॉपलरमध्ये गुठळी दिसली नाही, तर ती नव्हतीच असे कोणी सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी विचारले नाही तरी काही गोष्टी आपण सांगाव्यात: झटका येण्यापूर्वीच्या आठवड्यांत लांबचा विमानप्रवास किंवा रात्रभराचा बसप्रवास झाला होता का, पाय प्लास्टरमध्ये होता का, एखादी शस्त्रक्रिया झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चालू होत्या का, बाळंतपण नुकतेच झाले होते का, आणि झटका नेमका जोर लावताना आला का. यांपैकी कशाचेही उत्तर ‘हो’ असेल तर छिद्रावरचा संशय वाढतो. मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांना तिथे उतरल्यावर काही दिवसांत झटका आला असेल, तर प्रवासाच्या तारखा फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात.

तिसरी पायरी: छिद्राची मोजदाद

साध्या टूडी इकोत पीएफओ बहुतेकदा दिसत नाही. त्यासाठी ‘बबल टेस्ट’ करतात. सलाइनमध्ये किंचित हवा मिसळून दोन सिरिंजांमधून ते इकडून तिकडे जोराने फिरवले की बारीक बुडबुडे तयार होतात. ते हाताच्या शिरेतून सोडतात आणि रुग्णाला श्वास रोखून कुंथायला व मग एकदम सैल सोडायला सांगतात. उजवा कप्पा बुडबुड्यांनी भरल्यावर तीन ठोक्यांच्या आत ते डावीकडे दिसले, तर वाट पडद्यात आहे. ते बऱ्याच उशिरा दिसले तर वाट फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत असू शकते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

कुंथणे नीट जमले नाही तर चाचणी खोटी ‘नकारात्मक’ येते, म्हणून आदल्या दिवशी घरी दोन-चारदा सराव करून जावे. याच कारणाने अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर, म्हणजे टीईईवर, एकट्यावर विसंबू नये. टीईईत पडद्याची रचना स्वच्छ दिसते, पण गुंगीत असलेल्या माणसाला कुंथता येत नाही. या तपासणीसाठी साधारण सहा तास उपाशी राहावे लागते, आणि गिळताना त्रास होत असेल किंवा अन्ननलिकेचा काही जुना आजार असेल तर तो आधी सांगावा लागतो.

रिपोर्टमध्ये दोन नोंदी शोधाव्यात. पहिली, डावीकडे किती बुडबुडे गेले. वीसपेक्षा जास्त असतील तर वाट मोठी समजली जाते. दुसरी, पडद्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ आहे का, म्हणजे तो सैल असून मध्यरेषेपासून दहा मिलिमीटर किंवा अधिक हेलकावतो का. या दोन्ही नोंदी नसतील तर रिपोर्ट अपुरा आहे, आणि तो पूर्ण करून मागणे हा आपला हक्क आहे.

चौथी पायरी: दोष छिद्राचाच आहे का, याचा अंदाज

यासाठी ‘रोप’ नावाची गुणपद्धत वापरतात. रक्तदाब नसल्यास एक गुण, मधुमेह नसल्यास एक, पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए झालेला नसल्यास एक, धूम्रपान नसल्यास एक आणि इजा मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असल्यास एक. वयाचे गुण वेगळे: 18 ते 29 ला पाच, 30 ते 39 ला चार, 40 ते 49 ला तीन, पन्नाशीतील वयाला दोन, साठीतील वयाला एक आणि सत्तरीपासून पुढे शून्य. एकूण दहा गुण.

समजा, 34 वर्षांची स्त्री आहे, कोणताही आजार नाही, व्यसन नाही, इजा पृष्ठभागाजवळ आहे. तिचे नऊ गुण होतात, आणि अशा रुग्णांमध्ये छिद्र दोषी असण्याची शक्यता 88 टक्क्यांच्या आसपास धरली जाते. आता 57 वर्षांचा पुरुष घ्या, रक्तदाब व मधुमेह दोन्ही आहेत, सिगारेट ओढतो, पहिलाच झटका आहे आणि इजा खोलवर आहे. त्याचे तीन गुण होतात. तीन किंवा कमी गुणांच्या गटात ही शक्यता जवळजवळ शून्य आहे. त्याचे छिद्र अर्थातच खरे आहे, पण त्याला छत्रीपेक्षा रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळणे कितीतरी महत्त्वाचे आहे. या गुणपद्धतीत फक्त धूम्रपान मोजले जाते. तंबाखू मळून खाणे, गुटखा किंवा मशेरी लावणे तिच्यात नाही. पण ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि घरातील बायका मशेरीला व्यसन मानत नाहीत म्हणून ती सांगायची राहून जाते, हे ध्यानात ठेवावे.

हे गुण आणि तिसऱ्या पायरीतील दोन नोंदी एकत्र करून रुग्णाचे तीन गट पाडतात: छिद्र दोषी असण्याचा संभव नाही, शक्यता आहे, दाट शक्यता आहे. 2021 साली सहा चाचण्यांतील 3,740 रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. दाट शक्यतेच्या गटात छिद्र बंद केल्याने पुढच्या पक्षाघाताचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी आणि मधल्या गटात सुमारे 62 टक्क्यांनी घटला. पहिल्या गटात मात्र काहीच फायदा दिसला नाही. ‘छत्रीचा उपयोग होतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते इथे कळते.

पुरावा किती भक्कम आहे

2012 आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तीन चाचण्यांत गोळ्यांपेक्षा छत्री ठामपणे सरस ठरली नव्हती, आणि ‘याचा उपयोग सिद्ध नाही’ हे जुने मत तिथून आले आहे. 2017 साली चित्र बदलले. फ्रान्सच्या ‘क्लोज’ चाचणीत मोठी वाट किंवा हेलकावणारा पडदा असलेलेच रुग्ण निवडले होते. सरासरी पाच वर्षांत छत्री बसवलेल्या 238 जणांपैकी एकालाही पक्षाघात झाला नाही, तर गुठळीविरोधी (अँटिप्लेटलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनसारख्या) गोळ्यांवरील 235 पैकी 14 जणांना झाला. त्याच वर्षी ‘रिड्यूस’ चाचणीत हे प्रमाण 1.4 टक्के विरुद्ध 5.4 टक्के आले आणि ‘रिस्पेक्ट’ चाचणीच्या दीर्घ पाठपुराव्यातही फायदा दिसला.

तरी आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. एकत्रित माहितीनुसार गोळ्यांवर असताना वर्षाला शंभरांत सुमारे 1.1 जणांना आणि छत्रीनंतर सुमारे 0.5 जणांना पुन्हा पक्षाघात होतो. म्हणजे शंभर जणांना छत्री बसवली तर पाच वर्षांत साधारण तिघांचा झटका टळतो. पस्तिशीच्या माणसापुढे अजून चाळीस वर्षे असतात, म्हणून त्याच्यासाठी हा फायदा मोठा ठरतो. पण धोका हळूहळू साचणारा आहे, त्यामुळे ‘या आठवड्यात करा, नाहीतर काही खरे नाही’ अशी घाई कोणी केली तर दुसरे मत घेण्यास पुरेसा वेळ आहे असे खुशाल समजावे. त्या काळात गोळ्या मात्र एकही दिवस चुकवू नयेत.

पाचवी पायरी: निर्णय, आणि तो कोणी घ्यायचा

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘अ‍ॅम्प्लाट्झर’ पीएफओ उपकरणाला ऑक्टोबर 2016 मध्ये मान्यता दिली, तेव्हा 18 ते 60 हे वय सांगितले आणि इतर कारणे नाहीत हे न्यूरॉलॉजिस्ट व कार्डिओलॉजिस्ट अशा दोघांनी ठरवावे, असेही नमूद केले. ही दुसरी अट आपल्याकडेही पाळावी असा माझा आग्रह आहे. न्यूरॉलॉजिस्टने लेखी मत द्यावे की हा पक्षाघात पीएफओमुळे झालेला दिसतो, आणि कार्डिओलॉजिस्टने लेखी द्यावे की हे छिद्र बंद करण्याजोगे आहे. दोन्ही कागद नसतील तर तारीख घेऊ नये. साठीनंतर प्रक्रिया कधीच होत नाही असे नाही, पण त्या वयात छुप्या अनियमित लयीची शक्यता वाढते, म्हणून शोध जास्त कसून करावा लागतो.

पीएफओ दुसऱ्याच कामासाठी केलेल्या तपासणीत सापडला असेल आणि पक्षाघात कधीच झाला नसेल, तर तो बंद करू नये. बहुतेकांना त्यासाठी अ‍ॅस्पिरिनही लागत नाही. फक्त अर्धशिशीसाठीही छत्री बसवू नये: 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘मिस्ट’ चाचणीत अर्धशिशी थांबवण्याचा उद्देश साध्य झाला नाही. स्कूबा डायव्हिंग नियमित करणाऱ्यांना मात्र, मग ते तारकर्लीत असो वा गोव्यात, पीएफओ असल्यास पाण्यातून वर येताना होणाऱ्या विकाराचा धोका वाढतो. त्यांनी या विषयातील डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना दुसऱ्या कारणाने रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यायचीच आहे, त्यांच्या बाबतीत छत्रीने फारशी भर पडत नाही.

खर्चाची तयारी

अंदाजपत्रक तुकड्यांत मागावे: उपकरणाची किंमत, कॅथलॅब, भूल, खोली, औषधे. सर्वात मोठा आकडा सहसा उपकरणाचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. आपले निदान कोणत्या पॅकेजमध्ये बसते हे त्यांना दाखल होण्यापूर्वी विचारावे, कारण एएसडी आणि पीएफओ यांची मंजुरी सारखी असेलच असे गृहीत धरता येत नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग आहे. खासगी विमा असेल तर ‘जन्मजात दोष’ या कलमाखाली आपली पॉलिसी काय म्हणते, याचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे.

सहावी पायरी: प्रक्रियेचा दिवस

दाखल होताना निकेलची अ‍ॅलर्जी असल्यास सांगावी. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर चट्टे उठणे ही तिची नेहमीची खूण आहे, आणि छत्रीची तार निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. चालू औषधांची यादी, गर्भवती असण्याची शक्यता आणि अलीकडचा ताप हेही सांगावे. अंगात संसर्ग असताना ही प्रक्रिया करत नाहीत.

छाती उघडावी लागत नाही. जांघेतील शिरेत सुईने वाट करून एक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून पीएफओच्या तिरक्या वाटेने डाव्या कप्प्यात नेतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. मग जाड नळीतून घडी केलेले उपकरण आत जाते. त्याची एक चकती डावीकडे उघडतात, ती ओढून पडद्याला टेकवतात आणि दुसरी चकती उजवीकडे उघडतात. पडदा दोन्हींच्या मधे धरला जातो. पकड घट्ट आहे का हे तपासण्यासाठी डॉक्टर ते हलकेच ओढून-ढकलून पाहतात, इकोत जागा पक्की असल्याची खात्री करतात आणि त्यानंतरच तारेपासून सोडतात. सोडण्यापूर्वी ते परत नळीत ओढून घेता येते, हा या पद्धतीचा मोठा दिलासा आहे. सगळे मिळून बहुधा तासाभराचे काम असते. पूर्ण भूल द्यायची की नुसती गुंगी, हे कोणता इको वापरणार त्यावर ठरते. पुढचे काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात.

धोके सही करण्याआधी समजून घ्यावेत. सर्वात वरचेवर दिसणारा धोका म्हणजे अनियमित लय: ‘रिड्यूस’मध्ये ती छत्रीच्या गटात 6.6 टक्क्यांना झाली आणि गोळ्यांच्या गटात 0.4 टक्क्यांना. ती बहुतेकदा पहिल्या दीड महिन्यात येते आणि बऱ्याच जणांमध्ये निघून जाते. जांघेत रक्तस्राव किंवा गाठ होऊ शकते. उपकरण जागेवरून सुटणे, त्यावर गुठळी धरणे, हृदयाभोवती रक्त साचणे या गोष्टी दुर्मीळ आहेत, पण त्या घडल्या तर हाताळता येतील अशी हृदयशस्त्रक्रियेची सोय त्याच रुग्णालयात आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

एएसडी असेल तर

एएसडी बंद करण्याचे मुख्य कारण बहुधा पक्षाघात नसून उजव्या हृदयावर पडणारा जादा रक्ताचा भार असतो. इकोत उजवी बाजू फुगलेली दिसली आणि फुप्फुसातील दाब फार वाढलेला नसला, तर लक्षणे नसतानाही ते बंद करण्याचा सल्ला देतात. छत्री फक्त ‘सेकंडम’ (पडद्याच्या मध्यभागी छिद्र असलेल्या) प्रकाराला चालते, आणि त्यातही छिद्राभोवती पुरेसा काठ, साधारण पाच मिलिमीटर, असावा लागतो. ‘प्रायमम’ आणि ‘सायनस व्हिनोसस’ या पडद्याच्या कडेला छिद्र असलेल्या प्रकारांना शस्त्रक्रियाच लागते. फुप्फुसातील दाब इतका वाढला असेल की रक्त उलटे वाहू लागले आहे आणि ओठ-नखे निळी पडत आहेत, तर छिद्र बंद करणे घातक ठरते. चाळिशीनंतर एएसडी बंद केला तरी अनियमित लयीचा धोका उरतो, म्हणून नाडीवर लक्ष ठेवणे सुटत नाही.

सातवी पायरी: घरी आल्यावर

पहिल्या काही महिन्यांत हृदयाचे अस्तर उपकरणावर चढते आणि ते झाकले जाते. तोवर बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या असतात. क्लोपिडोग्रेल एक ते सहा महिन्यांत थांबवतात आणि अ‍ॅस्पिरिन पुढे किती काळ, ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात. दात काढण्यासाठी किंवा किरकोळ कामासाठी कोणी या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करावा. पहिले सहा महिने हिरड्यांना इजा होईल अशा दंतोपचारापूर्वी अँटिबायोटिकचा डोस लागतो. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात ताप आला तर रक्ततपासणी लवकर करावी, कारण डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि त्या वेळी या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हा निर्णय घरी घेण्याजोगा नसतो.

जांघेची जखम भरेपर्यंत दुचाकीला किक मारणे आणि पाण्याच्या कळश्या उचलणे टाळावे. जड व्यायाम किंवा व्यायामशाळा पुन्हा कधी सुरू करायची, ते पहिल्या इकोनंतर विचारावे. मूल हवे असल्यास सहसा सहा महिने थांबायला सांगतात. छातीत धडधड, नाडी अनियमित लागणे, धाप, कारणाविना ताप किंवा पक्षाघाताचे कोणतेही नवे लक्षण दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. विमानतळावरील धातुशोधकाची भीती बाळगण्याचे कारण नाही. एमआरआयही बहुतेक उपकरणांसह करता येतो. त्यासाठी रुग्णालयातून मिळालेले उपकरणाचे कार्ड पाकिटात ठेवावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्यावा.

इकोची तपासणी घरी जाण्यापूर्वी, मग साधारण एक, सहा आणि बारा महिन्यांनी होते. सहा किंवा बारा महिन्यांच्या भेटीत बबल टेस्ट पुन्हा करून घ्यावी. थोडे बुडबुडे अजूनही डावीकडे जात असतील तर घाबरू नये, किरकोळ गळती वर्षभरात आणखी कमी होऊ शकते. वर्षानंतरही गळती मोठी असेल तर अँटिप्लेटलेट गोळ्या चालू ठेवायच्या, रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की दुसरे उपकरण बसवायचे, हा प्रश्न पुन्हा त्याच दोन डॉक्टरांपुढे न्यावा, आणि जाताना पहिल्या बबल टेस्टची सीडीही सोबत न्यावी, कारण तुलना त्या चित्रांशीच करायची असते.